चार चाकांची रबरं

आमची जीप घरी आली ती बैलगाडीतून. सांगाडा गाडीवर आडवा, आणि उरलेली जीप सात पोत्यांत भरलेली. देवळालीच्या लष्करी लिलावातून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती उचलली होती. महायुद्धाच्या वेळी कोणी गोरा साहेब तिच्यात बसून कुठे तरी गेला असेल. त्यानंतर ती एका आवारात इतकी वर्षं पडून होती, की बसायच्या जागी बाभळीचं झाड उगवलं होतं. अण्णांनी ते कापलं, पण मुळ्या काही निघेनात, तेव्हा मुळ्यांसकट गाडी आणली. एकलहऱ्याच्या कॉलनीतली सगळी बिऱ्हाडं ओट्यावर येऊन उभी राहिली. आई दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मला सायकलीच्या दांडीवर बसवून आणली या घरात, आन हिला बैलगाडी केली."

अण्णा एकलहऱ्याच्या पॉवर हाउसमध्ये फिटर होते. पंपांचे फिटर, मोटारीचे नव्हेत. हा फरक त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नाही, त्यांच्याही नाही. ज्या माणसाने घराएवढे पंप उघडून जोडले, त्याला जीप म्हणजे काय, खेळणं. आमच्या क्वार्टरच्या मागे तारेच्या कुंपणापर्यंत जेवढी जागा होती तेवढी जीपने घेतली. तिथे आईची मिरची आणि कोथिंबीर असायची, ती गेली. चिमणीची राख कॉलनीवर सतत पडायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर, उघड्या पिठावर, झाकण नसलेल्या सगळ्यावर, आणि आता जीपच्या हाडांवरही पडू लागली. भोंगा वाजला, अण्णा आले, हात धुतले, बाजरीची भाकरी सुकटीच्या चटणीशी उभ्या उभ्या खाल्ली, की मागच्या अंगणातून पान्याचा टण् टण् आवाज सुरू व्हायचा. त्या आवाजावर आमचं घर दोन वर्षं झोपलं आणि उठलं.

आणि त्या आवाजाच्या बाजूला मी. अकरावीत नापास झालेली, वेण्या वर बांधलेली, अण्णांची जुनी खाकी पँट दोरीने कमरेला आवळलेली. नात परवा म्हणाली, आजी, तू त्या काळात म्हणजे काय भारी फेमिनिस्ट होतीस. फेमिनिस्ट कसली, आगाऊ होते. पाना हातात आला तसं मला वाटायला लागलं की जगात दोनच फिटर आहेत आणि त्यांपैकी एक हल्ली म्हातारा होत चाललाय. कोणी काही सांगायला तोंड उघडलं की माझा शब्द तयार असायचा, "माहितेय." गिअरबॉक्समध्ये काय असतं? माहितेय. कार्बोरेटर कसा साफ करायचा? माहितेय. मला काही एक माहीत नव्हतं. पण अण्णा इतक्या कौतुकाने बघायचे, की माहीत नसणं मला परवडणारं नव्हतं. कामावरून आले की विचारायचे, "काय मिस्त्री, आज काय उघडलं?" कॉलनीत बाकीच्या पोरींना त्यांचे बाप स्थळं बघत होते. माझा बाप मला मिस्त्री म्हणत होता. अशा वेळी डोकं जागेवर राहिलं असतं तर नवल.

सुटे भाग आणायचे ते हमीदचाचांकडून. नाशिकरोडला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. लष्करातून निघालेल्या मालात त्यांचा हात कोणी धरत नसे. ढिगाऱ्यात नुसता हात घालून ते हवा तो बेअरिंग काढायचे, डोळे अण्णांच्या तोंडावर आणि गप्पा चालूच. अण्णांची आणि त्यांची दोस्ती त्या जीपवरच जमली. रविवारी ते सायकलवरून यायचे, मुळ्यांसकटच्या गाडीकडे बघून म्हणायचे, "फिटरसाहेब, याला फळं कधी लागणार?" आई त्यांना भरीत-भाकरी वाढायची. चाचा तिला वहिनी म्हणायचे आणि तिची मिरची गेली म्हणून जीपच्या वतीने माफी मागायचे.

ब्रेकचं काम शेवटी आलं. चाचांनी चार चाकांची नवी रबरं दिली, लहान वाटीसारखी असतात ती, बोटाच्या पेराएवढी. पायडल दाबलं की तेलाच्या जोराने ही रबरं सरकतात आणि चाक धरलं जातं. सगळ्या गाडीचा जीव त्या वाट्यांत. कागदात बांधून माझ्या हातात देताना चाचा म्हणाले, "बेटा, एक बात लक्षात ठेव. बाकी सगळं धू, पण ब्रेकच्या रबराला रॉकेल..."

"माहितेय चाचा," मी म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्याकडे गिऱ्हाईक आलं आणि ते तिकडे वळले. मी सायकलवर टांग मारली. ते वाक्य कुठे संपणार होतं हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला वाटलं, ब्रेकच्या रबराला रॉकेल लावायला विसरू नको. कारण आमच्या घरात अण्णांचा पहिला नियमच तो होता: बसवायचं ते आधी रॉकेलमध्ये धुवायचं. नट असो, बेअरिंग असो. धुतलेल्या वस्तूवरून ते पांढरा रुमाल फिरवायचे आणि डाग दिसला तर पुन्हा धुवायला लावायचे. मी रबरं ओट्यावर मांडली, तासाभरात त्यांवर राखेचा थर. अण्णांची रात्रपाळी होती. स्टोव्हसाठी आईने लपवलेल्या डब्यातलं रॉकेल मी वाडग्यात ओतलं, रबरं त्यात सोडली, आणि मिस्त्रीचं काम म्हटल्यावर नुसतं बुडवून कसं चालेल, रात्रभर भिजत ठेवली. सकाळी काढली तर नवी नवरी लाजेल अशी काळीभोर, चकचकीत. बसवताना जरा घट्ट गेली. मला वाटलं, घट्ट म्हणजे चांगलं.

अण्णांनी पायडल दाबून पाहिलं. चाक जागच्या जागी थांबलं. "मिस्त्री, पास," ते म्हणाले. हँडब्रेकची तार मिळाली नव्हती, ती आली की बसवायची होती. आठ दिवस आम्ही कॉलनीच्या रस्त्यांवर जीप फिरवली. स्टेअरिंग डावीकडे, दारं नाहीत, छप्पर नाही, सायलेन्सरचा आवाज भोंग्याच्या वर. शेजारच्या शेवंतामावशी लिंबू आणि नारळ घेऊन आल्या. अण्णांनी हात जोडले. म्हणाले, "मावशी, नारळ चटणीला द्या. आणि लिंबू चाकाखाली फोडायचं नसतं, मटणावर पिळायचं असतं." बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, पंचशील म्हटलं, झालं आमचं वाहनपूजन.

नवव्या दिवशी सायखेड्याला निघालो, आईच्या माहेरी. तिला यायचं नव्हतं. "मी येष्टीनं येते, तुम्ही व्हा पुढं," असं ती सकाळपासून म्हणत होती. मीच मागे लागले. मामाच्या दारात जीप उभी राहणार, तिच्यातून आई उतरणार, मागून मी पाना हातात घेऊन उतरणार, असं चित्र मी आठवडाभर रंगवलं होतं. शेवटी तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि अण्णांच्या उजव्या हाताला बसली. दार नसल्यामुळे तिचा भरवसा बसेना. उजवा पाय बाहेर पायरीवर टेकवून, आडव्या दांडीला धरून, कधीही उडी मारायच्या बेतात बसली होती. मी मागून हसत होते. "आई, पाय आत घे, लोक बघतायत." ती म्हणाली, "बघू दे. तुझी मोटार, माझा पाय."

सायखेड्याच्या अलीकडे एक ओढा होता, त्यावर दगडी कठड्याचा अरुंद पूल, आणि पुलाकडे जाणारा उतार. बाजार करून परतणाऱ्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन पुलावरून येत होत्या. अण्णांनी पायडल दाबलं आणि ते खाली पत्र्याला टेकलं. मी मागून त्यांचा पाय पाहिला. दाबला, सोडला, दाबला. चिखलात पाय जावा तसा जात होता. ओरडले ते एकदाच, "बाजूला व्हा!" आणि बायांवर जाण्याऐवजी त्यांनी गाडी उजवीकडे कठड्याला घासली, घासत घासत थांबावी म्हणून. गाडी थांबली. माणूस म्हणून त्यांनी जे केलं ते बरोबर होतं. गाडीची उजवी बाजू आणि दगड यांच्यामध्ये आईचा पाय होता.

तिचा आवाज मी इथे लिहिणार नाही. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हिरवं लुगडं कोणी तरी धुऊन, घडी घालून हॉस्पिटलच्या खाटेशी आणून ठेवलं, ते अण्णांनी घरी आणलं आणि कुठे ठेवावं हे त्यांना सुचेना. तासभर तसंच मांडीवर घेऊन बसले होते.

कॉलनीत लगेच निकाल लागला, लिंबू फोडलं नाही म्हणून झालं. शेवंतामावशी दूध आणून द्यायच्या आणि जाताना दारात उभं राहून एवढंच म्हणायच्या, "तरी मी सांगत होते." आणि मी, पंचशील म्हणणारी, अंधश्रद्धेवर शाळेत भाषण केलेली, गप्प बसायचे. मला ते लिंबू बरं वाटायला लागलं होतं. लिंबाने केलं म्हणजे मी केलं नाही.

पण अण्णा फिटर होते. बंद पडलेल्या पंपाला कोणी नजर लावली असं ते कधी म्हणाले नव्हते, उघडून बघायचे. आई हॉस्पिटलात असतानाच त्यांनी मोडकी जीप ओढून आणली आणि चाकं उघडली. मी शेजारी उभी. रबरं बाहेर आली ती रॉकेल पिऊन फुगलेली, मऊ झालेली, कडा फाटलेल्या, भिजलेल्या वाटाण्यासारखी. अण्णांनी ती हातावर घेतली.

"बसवताना काही झालं होतं का गं?"

"नाही."

"आधी काही लागलं, सांडलं?"

"नाही अण्णा. जशी दिली तशी बसवली."

बास. एवढंच बोलले मी. गेली पन्नास वर्षं इतकं बोलले आहे, शिक्षिकेची नोकरी केली, पोरं बडवली, सुनांना टोमणे मारले, त्यातलं एवढं कामी आलेलं दुसरं वाक्य मला आठवत नाही.

अण्णा मला घेऊन नाशिकरोडला गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर अण्णांनी ती रबरं फळीवर टाकली. "हमीदभाई, सडका माल माझ्या घरात घातलास. माझ्या बायकोचा पाय गेला." चाचांनी एक रबर उचललं, दोन बोटांत दाबलं, मग नाकाशी नेलं. आणि माझ्याकडे बघितलं. अण्णांचा एक हात माझ्या खांद्यावर होता, जोर देऊन ठेवलेला. त्या दिवसांत ते चालतानाही असे धरून चालायचे. चाचांनी तो हात पाहिला, मला पाहिलं, आणि रबर खाली ठेवलं.

"असेल, फिटरसाहेब," ते म्हणाले. "जुना माल असेल. माझ्याच ध्यानात आलं नसेल."

अण्णांनी पॉवर हाउसच्या फाटकावर, पाळी सुटताना उभं राहून सांगितलं की हमीदकडून कोणी काही घेऊ नका. फिटर माणसाचा शब्द. कॉलनीतल्या मोटारसायकली, ठेकेदारांचे ट्रक, सगळी गिऱ्हाइकं तिथूनच जायची, ती जायची थांबली. मी रोज त्या बाजूने टायपिंगच्या क्लासला जायचे, पुढे रस्ता बदलला. लांब पडायचा, पण शेड दिसत नसे.

आईला सांगितलं ते ती घरी आल्यावर. ती भिंतीला टेकून मेथी निवडत होती. उभं राहून स्वयंपाक करायची सवय तिला आयुष्यभराची, आता स्टोव्ह खाली घेतला होता. मी एका दमात सगळं बोलले, रॉकेल, वाडगं, रात्रभर. तिने हातातली काडी संपवली, पानं एकीकडे, देठ एकीकडे.

"आता मला कशापायी सांगतीस? पाय येणार हाय का माघारी?"

"अण्णांना सांगू?"

"नाय." लगेच म्हणाली. "लय जळतोय तो. जळायला त्याला कुणीतरी पायजे. हमीद बाहेरचा हाय, सोसंल. तुझ्यावर उलटला तर तू सोसशील, पण तो नाय सोसायचा. गप ऱ्हा."

जन्मात आईचं एक ऐकलं नव्हतं. आज्ञाधारक मुलगी व्हायला मला नेमका तोच दिवस सापडला. आणि आईवर ठपका ठेवू नका. ज्या बाईचा पाय गेला तिला मी माझं ओझंही धरायला दिलं, आणि तिने ते तिच्या पद्धतीने कोपऱ्यात लावून टाकलं.

पावसाळा संपताना कळलं की चाचा दुकान बंद करून मालेगावला भावाकडे चाललेत. मी गेले. शेड निम्मी रिकामी होती, चाचा पोत्यांची तोंडं शिवत बसले होते. मला बघून आश्चर्य वाटल्याचं दाखवलं नाही.

"चाचा, ती रबरं मी..."

"माहितेय," ते म्हणाले.

माझाच शब्द. बरोबर माझ्याच ठसक्यात. हसले नाहीत मात्र.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तुझा बाप तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. बायको हॉस्पिटलात. त्याच्या हातातली काठी मी मोडू? म्हटलं, पोरगी आहे, घाबरली आहे, चार दिवसांत आपणहून बोलेल." दाभण पोत्यात खुपसून त्यांनी दोरा ओढला. "चार दिवस झाले. मग मी मोजायचं सोडलं."

"माफ करा."

"माझ्याकडे कबुली देऊन काय उपयोग, बेटा? मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. जिथं ठाऊक नाही, तिथं जाऊन दे." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "माफीचं मात्र विचारू नको. आत्ता नाही. शोधून पाहिली, सापडली नाही."

एवढ्या मोठ्या ढिगाऱ्यातून न बघता बेअरिंग काढणारा माणूस. मी सायकल घेऊन सरळ घरी निघाले.

अण्णा ओट्यावर बसून आईच्या कुबडीला काखेखाली कातड्याची गादी शिवत होते. आई आतून बघत होती. मी दारातच उभी राहून सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. पंपाची तक्रार लिहून घ्यावी तसे विचारत गेले.

"रॉकेल की पेट्रोल?"

"रॉकेल."

"किती वेळ?"

"रात्रभर."

"चारही?"

"चारही."

"हमीदने सांगितलं नव्हतं?"

"सांगत होते. मी ऐकून घेतलं नाही."

त्यांनी गादीचा शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला, कुबडी आईला नेऊन दिली. हात धुतले. सदरा घातला आणि सायकल काढली. मला ते मारतील असं वाटलं होतं, आणि खरं सांगते, मारावं असंही वाटलं होतं. मी मागोमाग पळत गेले. पहिली पाळी सुटायची वेळ होती. फाटकाजवळ जिथे चार महिन्यांपूर्वी उभे होते तिथेच अण्णा उभे राहिले, आणि बाहेर पडणाऱ्या एकेका घोळक्याला थांबवून सांगू लागले. मी चहाच्या टपरीमागे थांबले. सगळं ऐकू येत होतं.

"हमीदचा माल चोख होता. रबरं मी रॉकेलमध्ये भिजवली. मी."

कोणी तरी हसलं. "काय अण्णा, वीस वर्षं पाना चालवून ब्रेकचं रबर रॉकेलात?"

"हो."

"आणि त्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या?"

"हो. चुकलो."

पुढच्या घोळक्याला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. टपरीपासून त्यांच्यापर्यंत फार तर दहा पावलं होती. मी पाय उचलला नाही. टपरीवाल्याने विचारलं, ताई, चहा देऊ का, आणि मी हो म्हटलं, आणि माझा बाप माझी चूक वाटत उभा असताना मी तो चहा प्यायले. फाटक रिकामं झाल्यावर ते सायकल वळवून आले, मी दिसले, थांबले. म्हणाले, "चल. आई एकटी आहे."

मिस्त्री म्हणाले नाहीत. त्यानंतर कधीच नाही. रागावलेही नाहीत, माझ्या लग्नात रडले, माझ्या पोरांना खांद्यावर घेऊन फिरले, आणि माझ्या हातात पुन्हा साधा स्क्रूड्रायव्हरसुद्धा दिला नाही. जीप भंगारात गेली. मालेगावला ते दोनदा जाऊन आले, चाचा भेटले की नाही हे घरी कोणी विचारलं नाही. पॉवर हाउसमध्ये नवीन पोरांना काम शिकवताना लोक त्यांचं उदाहरण देत, हे असं करू नका, एका फिटरने केलं होतं. ते वारले तेव्हा त्यांच्याबरोबरचा एक जण मातीला आला होता. मायेनेच ती गोष्ट काढून म्हणाला, एवढा हुशार माणूस, त्यालाच अशी बुद्धी कशी झाली कोण जाणे. मी त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

आता आई नाही, अण्णा नाहीत, चाचा नाहीत, आणि त्या फाटकातून त्या दिवशी बाहेर पडलेल्यांपैकी कोणी असलंच तर त्याला माझ्याइतकंच कमी ऐकू येत असेल. म्हणून मोठ्याने लिहिते. फिटरने केलं नव्हतं. फिटर त्या रात्री पाळीवर होता. त्याची मुलगी घरी होती, आणि तिला सगळं माहीत होतं.